चांदी सोडून चिठ्ठी नेणारा चोर

१

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास ऑस्ट्रियन विमानानं आमच्या तुतीच्या बागेवर एक पिशवी टाकली, आणि साडेआठ वाजता कळलं की पिशवीतली चिठ्ठी कुणीतरी पळवली आहे.

ही वैमानिक मंडळी वर आभाळात एकमेकांच्या जिवावर उठतात. पण कुणी पलीकडं पडला, की तिकडचे लोक येऊन त्याची खबर टाकून जातात. मेला असेल तर कुठं पुरला, जगला असेल तर कुठल्या इस्पितळात आहे. आमचे लोकही त्यांच्याकडं तसंच टाकतात. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "एवढी माणुसकी आहे तर मारताच कशाला?" त्यावर कॅप्टन बेर्तोल्दींनी मक्याच्या पिठाची पोलेंता अजून थोडी वाढून घेतली.

माझं नाव मेनिया झोरात. आमच्या शेताच्या कडेला विमानतळ झाला तेव्हापासून सैन्यातल्या आठ जणांचं जेवण माझ्या टेबलावर होतं. त्यांतला एक, सार्जंट तुलियो ब्रुमात, माझ्या लेकीशी, अल्बिनाशी, लग्न ठरलेला. द्राक्षं उतरली की लग्न होतं. आणि शनिवारी तो इसोन्झो नदीच्या पलीकडं गेला तो परत आला नाही.

नुसता आला नाही एवढंच असतं, तर मी मेणबत्ती लावून गप्प बसले असते. पण त्याच्याबरोबर उडालेले लेफ्टनंट स्तेलुती परत आले आणि म्हणाले, "ब्रुमातचं विमान धडधाकट होतं. पंखा फिरत होता. आपणहून शत्रूच्या कुरणात उतरला."

आता तुलियोच्या आईचं गाव जुन्या सरहद्दीच्या पलीकडचं, आणि त्याला जर्मन बोलता येतं. लोकांना एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत विहिरीवर कुजबूज सुरू झाली की झोरातबाईचा जावई फितूर झाला.

म्हणून पिशवी पडली तेव्हा सगळं गाव धावलं. ती तुतीच्या फांदीत अडकली होती, लांब पिवळी-काळी फीत वाऱ्यावर उडत होती. सगळ्यांत आधी पोचले तिघं: स्तेलुती, मेकॅनिक नाने आणि कारकून एव्हारिस्तो. त्यांनी ती काढून माझ्या स्वयंपाकघरात आणली. कॅप्टननी चाकूनं दोरी कापली आणि पिशवी टेबलावर उलटी केली.

वाळू पडली. तुलियोची चांदीची सिगारेटची डबी पडली. बस.

पिशवीची एका बाजूची शिवण उसवलेली होती.

"चिठ्ठीशिवाय पिशवी कुणी टाकत नाही," कॅप्टन म्हणाले. "कुणीतरी काढून घेतली."

अल्बिना भिंतीला टेकली. मी त्या तिघांकडं पाहिलं. तिघांनीही नजर दुसरीकडं वळवली.

२

कॅप्टन मला बाहेर ओसरीत घेऊन गेले.

"झोरातबाई, गुरुवारी संध्याकाळी पाचला माझा माणूस उदिनेच्या मुख्य कचेरीत अहवाल घेऊन जातो. ब्रुमातच्या नावापुढं मला एक शब्द लिहावाच लागेल. कैदी, नाहीतर फितूर."

"तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाला उदिनेत कुणी विचारत नाही. ते कागद मागतात."

"मग कागद मी शोधते," मी म्हटलं. "तिघंही माझ्या हातचं खातात. उपाशी माणूस तुमच्याशी खोटं बोलेल, पोट भरलेला माझ्याशी खोटं बोलणार नाही."

ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

त्या आठवड्यात मला मरायलाही फुरसत नव्हती. रेशमाच्या अळ्या चौथी कात टाकून झोपेतून उठल्या होत्या. या दिवसांत त्या असा पाला खातात की खोलीत पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. दिवसातून सहा वेळा पाला. सून इजिनिया पहाटेपासून शिडीवर आणि मी आत. अळ्यांना वास सोसत नाही, गोंगाट सोसत नाही. ही वैमानिक मंडळी तर एरंडेलाच्या वासानं घमघमतात, कारण त्यांची इंजिनं एरंडेल पितात आणि निम्मं ह्यांच्या तोंडावर थुंकतात. त्यांना त्या खोलीच्या दारात यायची बंदी. शनिवारपासून अल्बिनालाही बंदी, कारण ती हुंदके देऊन रडत होती. अळ्या हुंदक्यांनी बिचकतात. माझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं.

पहिलं धरलं नानेला. तो विमानांची इंजिनं सांभाळायचा. सूप त्याच्यापुढं ठेवलं आणि समोर बसले.

"नाने, मेल्या, शनिवारपासून तू दोन वाट्या कमी खातोस."

"उकडतंय, मावशी."

"मे महिन्यात? चिठ्ठी तुझ्याकडं आहे का?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "आईशप्पथ नाही! पण ती सापडू नये असं मला वाटलं होतं, हे खरं."

"का?"

"शुक्रवारी त्याच्या इंजिनाचा एक सिलिंडर खोकत होता. मी म्हटलं, सोमवारी बघू. चिठ्ठीत असेल, इंजिन बंद पडलं म्हणून. म्हणजे मीच..."

"आणि फितूर ठरला तर तू सुटलास, असंच ना?"

तो रडायला लागला. पस्तीस वर्षांचा बाप्या, मिशा सूपमध्ये. मी त्याला पाव दिला. मनातून त्याला बाजूला सारलं, कारण चोर एवढं सांगत नाही.

पण एक गोष्ट तो जाताजाता बोलून गेला. "मी पोचलो तेव्हा लेफ्टनंटसाहेब आधीच शिडीवर चढले होते, मावशी. पिशवीला पहिला हात त्यांचाच लागला."

३

स्तेलुती मोठ्या घरचे. नखं कापायला चांदीची कात्री. माझ्या पोलेंताला ते 'ग्रामीण पदार्थ' म्हणत, आणि तीनदा घेत.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना मी त्यांच्यापुढचं ताट उचललं.

"बाई, माझं झालं नाही."

"माझंही झालं नाही. शिडीवर पहिले तुम्ही चढलात. पिशवी तुमच्या हातात होती. तुलियो आपणहून उतरला हेही तुम्हीच सांगितलं. चिठ्ठीत वेगळं काही निघालं तर खोटे तुम्ही पडता. काढा चिठ्ठी."

कॅप्टन म्हणाले, "झोरातबाई!" पण मी थांबले नाही. मी म्हटलं, "चोर आहात तुम्ही. आणि वरून साहेब म्हणवता."

स्तेलुतींचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता पिस्तूल काढतात. ते उभे राहिले आणि माझ्याशी नाही, कॅप्टनशी बोलले.

"चिठ्ठी मी पाहिलेलीही नाही. पण बाई म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. ब्रुमात उतरताना मी पाहिला नाही."

"अहवालात तुम्ही लिहिलंय..."

"माझी बंदूक अडकली. दोन विमानं मागं लागली. तो खाली चालला होता, पंखा फिरत होता, एवढंच दिसलं. मग मी तोंड फिरवलं आणि पळालो. 'थांबलो नाही' असं लिहायची लाज वाटली, म्हणून 'उतरला' लिहिलं."

नानेनं हळूच सांगितलं की इंजिन बंद पडलं तरी पंखा वाऱ्यानं फिरतो, खाली येताना तर फिरतोच. सात जण टेबलावर, आणि चार दिवसांत हे कुणालाही बोलावंसं वाटलं नव्हतं.

मी ताट परत ठेवलं. ते जेवले नाहीत.

"आता तरी कैदी लिहा," मी कॅप्टनना म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "फितूर हा शब्द फोनवरून आधीच उदिनेला गेला आहे. आता ते म्हणतील, तुमच्याकडं साक्षीदारच नाही. चिठ्ठी हवी, बाई. उद्या पाचपर्यंत."

४

उरला एव्हारिस्तो. तुरिनचा, कचेरीतला कारकून, केसांना तेल लावणारा. अल्बिना कपडे वाळत घालायला गेली की याला नेमकी हवा खायची असायची. तुलियो नसला तर याचंच भलं होणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

गुरुवारी सकाळी मीच कचेरीत गेले.

"या मावशी! पण आज हात रिकामेच न्यावे लागतील."

हे असं होतं. आमच्या अळ्यांना कागद लागतो. मळका पाला बदलायचा तर कागदाला बोटाएवढी भोकं पाडायची, तो अळ्यांवर पसरायचा, वर ताजा पाला टाकायचा. अळ्या भोकांतून आपोआप वर चढतात, मग खालची घाण काढून घ्यायची. लढाईमुळं कागद मिळेना, म्हणून एव्हारिस्तो मला कचेरीतले जुने अर्ज, फाटके नकाशे, खरडलेले तक्ते द्यायचा. अल्बिनाची आई खूश तर अल्बिना खूश, असा त्याचा हिशेब.

"कागदासाठी नाही आले," मी म्हटलं. "चिठ्ठी का चोरलीस ते विचारायला आले."

"मी?" तो खुर्चीतून उठलाच. मग एकदम बसला. "चोरली असती. खरंच सांगतो. सापडली असती तर कदाचित जाळलीही असती. म्हणून तर एवढ्या जोरात पळालो. पण नानेनं माझ्या कोटाची शेपूट धरली होती, आणि लेफ्टनंटसाहेब फांदीवरून पिशवी काढेपर्यंत आम्ही दोघं खालून बघत होतो. त्यांनी ती सरळ नानेकडं दिली. तिघांचे सहा डोळे तिच्यावर होते, मावशी. तिथून तुमच्या टेबलापर्यंत."

"म्हणजे तिघांतल्या कुणीच..."

"कुणीच नाही. मी परवापासून हाच विचार करतोय." त्यानं केसांतून हात फिरवला. "अल्बिनाला सांगू नका हं. जाळण्याचं."

"आधी मला कागद दे, मग विचार करते."

"कुठून देऊ? हुकूम आलाय, सगळे रद्दी कागद जाळायचे, हेर लोक वाचतात म्हणून. स्वर्गारोहणाच्या सणापासून तुम्हाला चिटोरंही दिलेलं नाही. अळ्यांचं कसं भागवताय तुम्हालाच ठाऊक."

मी दारापर्यंत आले आणि तिथंच उभी राहिले.

सण होऊन आठवडा झाला होता. आणि मंगळवारी दुपारी मी माझ्या हातानं नव्या कागदाला भोकं पाडली होती.

५

घरी येईपर्यंत मला धाप लागली. टेबलाच्या खणातून ती पिशवी काढली आणि इजिनियाला हाक मारली. माझी सून काडीसारखी. तिचे हात लहान मुलीसारखे.

"या उसवलेल्या भागातून हात घाल."

तिनं प्रयत्न केला. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं.

"अजून."

"जात नाही, सासूबाई."

तिचा जात नाही, तर मेकॅनिकचा पंजा काय जाणार? आणि तोंडाची दोरी तर कॅप्टननी माझ्या डोळ्यांसमोर कापली होती. गाठ होती, ती त्यांनी कापली. चोर चिठ्ठी काढून पुन्हा गाठ मारत बसतो का, अर्धं गाव धावत येत असताना? दोन दिवस ही गाठ माझ्या डोळ्यांपुढं होती आणि मी माणसांच्या तोंडाकडं बघत फिरत होते. उसवलेल्या शिवणीत तुतीच्या सालीचे हिरवे धागे अडकले होते. पिशवी फांदीवर आपटून उसवली. जड डबी वाळूत बसून राहिली. घडी घातलेला कागद दोन बोटांच्या फटीतून सटकला.

चांदी सोडून चिठ्ठी नेणारा चोर नव्हताच. चिठ्ठी खाली पडली होती.

"मंगळवारी तू कुठल्या झाडावर होतीस?"

"तिथंच. पाटाकडून तिसऱ्या. विमान आलं तशी शिडीवरून उडी मारली आणि पाटात पालथी पडले. मला वाटलं बॉम्ब टाकतोय."

"आणि पाल्याची पोती?"

"झाडाखाली. तोंड उघडं." तिच्या कपाळावर आठी आली. "सासूबाई, एक कागद होता."

"कुठं?"

"पोत्यात. पाला निवडताना निघाला. चांगला जाड होता. मी तुमच्याकडं घेऊन आले होते विचारायला."

मग मला आठवलं. मंगळवारी दुपारी ती दारात उभी होती, हातात काहीतरी घेऊन. तिनं "सासूबाई, हे..." एवढंच म्हटलं, आणि मी म्हणाले होते, "चिटोरं मिळालं की नाचवत आणू नकोस! अळ्या उपाशी आहेत. गठ्ठ्यावर ठेव आणि पाला आण!"

तिला वाचता येत नाही. मला माझ्या नावापुरतं येतं. आणि घरात वाचता येणारी एकच, अल्बिना, तिला मी अळ्यांच्या खोलीतून हाकलून दिलं होतं.

भोकं मीच पाडली होती.

६

तिसऱ्या फळीवर, खिडकीकडच्या चटईत होता तो. वर पाला, पाल्यावर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, खात होत्या. शुक्रवारी चटई बदलली की खालचं सगळं खताच्या ढिगात जाणार होतं.

एक अळी पायाखाली आली म्हणून मी एकदा माझ्या सख्ख्या दिराला खोलीबाहेर काढलं होतं. त्या दिवशी मी चटईचं टोक धरलं आणि सगळा पाला बाजूला ढकलला. अळ्या जमिनीवर पडल्या. इजिनिया तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"बघतेस काय? वेचून घे त्यांना. आणि अल्बिना! अल्बिना, आत ये!"

"आत?" ती दारातूनच म्हणाली.

"आत ये म्हटलं ना! रडत आलीस तरी चालेल."

कागदावर ओले डाग, लेंड्या, चाळीसेक भोकं. वरच्या बाजूला शाईनं त्यांच्या कुणा साहेबाचं मोडकंतोडकं इटालियन. खाली पेन्सिलीनं, तुलियोच्या हातचं. अल्बिनानं खिडकीशी धरून वाचलं, भोक आलं की थांबत.

"इंजिन बंद पडलं, गोळी लागली... भोक... कुरणात आपटलो. उजवी मांडी मोडली. विमान मी पेटवलं, म्हणजे यांच्या हाती... भोक... त्यात हात भाजले, म्हणून अक्षर असं. इस्पितळात आहे. लोक बरे आहेत, कॉफी भिकार. नानेला सांगा, सिलिंडरचा दोष नव्हता, गोळीचा होता. अल्बिनाला सांगा की मी..."

"की मी काय?"

"भोक आहे, आई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती रडता रडता हसत होती, शनिवारपासून पहिल्यांदा. "तिथं काय होतं ते मला माहीत आहे."

"माहीत आहे तर रडतेस कशाला?"

साडेतीन वाजले होते. मी अंगावरचा मळका एप्रनही काढला नाही. विमानतळाच्या मधोमध चालत गेले. सगळे हँगरपाशी होते. मी कागद कॅप्टनच्या हातात दिला आणि मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की चोर कुणी नव्हता. पाल्याच्या पोत्यात पडलेली चिठ्ठी माझ्या सुनेनं मला दाखवायला आणली होती, मी तिला बोलू दिलं नाही, आणि भोकं माझ्या हातची आहेत. मग स्तेलुतींसमोर उभी राहिले.

"तुम्हाला चोर म्हणाले. सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून सगळ्यांसमोर सांगते, चुकले."

आयुष्यात हा शब्द मी फार वेळा वापरलेला नाही. तोंडातून जड निघाला.

स्तेलुतींनी टाचा जुळवून मान झुकवली. "तुम्ही ताट उचललं नसतं, बाई, तर मी खरं बोललो नसतो."

कॅप्टननी चिठ्ठी दोनदा वाचली. 'विमान मी पेटवलं' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "पळून गेलेला माणूस शत्रूला विमान भेट देतो, जाळत नाही," ते म्हणाले. त्यांनी अहवालाचा कोरा कागद पुढं ओढला, तुलियोचं नाव लिहिलं आणि त्यापुढं कैदी लिहिलं. मग जरा थांबून 'जखमी' असंही लिहिलं. नाने जमिनीवरच बसला होता आणि कुणी त्याला उठवत नव्हतं.

७

उत्तराची चिठ्ठीही टाकायची असते. मिळाली म्हणून कळवायचं, सोबत माणसाचे कपडे, घरचं काही. शुक्रवारी सकाळी अल्बिनानं लोकरी मोजे, दोन सदरे आणि चार पानी पत्र दिलं. पत्र मी वाचायला मागितलं नाही, नाहीतरी मला येत नव्हतंच.

एव्हारिस्तो लिहायला बसला. पेन दौतीत बुडवून म्हणाला, "मावशी, तुमचाही निरोप घालू?"

"घाल. लिही की घरची सगळी बरी आहेत. लिही की द्राक्षं उतरली तरी लग्न थांबेल, तो येईपर्यंत. नवरीला घाई नाही." अल्बिनानं माझ्याकडं पाहिलं. "बरं, घाई आहे. पण थांबेल. आणि लिही की तुझी चिठ्ठी उशिरा वाचली, कारण तिला भोकं पडली होती."

"कशानं पडली, ते नको लिहायला ना? 'वाटेत खराब झाली' असं लिहितो."

"का बरं?"

"शत्रू वाचणार, मावशी. त्यांच्या अख्ख्या छावणीत हसतील."

तिकडं कुठंतरी एक मांडी मोडलेला पोरगा पडून होता, भाजलेल्या हातांचा, भिकार कॉफी पिणारा.

"मग हसू दे," मी म्हटलं. "तोही हसेल. माझं नाव पूर्ण लिही. आणि मोठ्या अक्षरात."

पिशवी कोण नेणार म्हणून कॅप्टननी विचारायच्या आधीच स्तेलुती चामड्याची टोपी घालून उभे होते. यावेळी बंदूक अडकली तर काय, असं कुणी विचारलं नाही. ते म्हणाले, "बाई, खाली जाऊन टाकीन. इस्पितळाच्या अंगणात पडेल इतक्या खाली."

"टाका आणि जेवायला या," मी म्हटलं. "बारा वाजता."

इंजिन सुरू झालं. एरंडेलाचा धूर सगळीकडं पसरला. विमान गवतावरून उड्या मारत गेलं, उचललं आणि पूर्वेकडं वळलं. पाला तोडायची वेळ टळून गेली होती, पण अल्बिना एप्रनच्या टोकाशी चाळा करत तिथंच उभी होती, आणि इजिनिया तिच्या शेजारी. मी दोघींना काही बोलले नाही. शिडी उचलली आणि त्या दिवसाचा पहिला पाला माझ्या हातानं तोडायला गेले.